बैलाला झालेलं वासरू

वासराला हगवण लागली त्याला मी जबाबदार होतो, हे आज मी छातीठोकपणे सांगतो. छातीठोकपणे अशासाठी की ती थांबवण्यातही माझाच हात होता. चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढलेल्या माणसाला स्वतः केलेला घोळ स्वतःच निस्तरायची संधी सहसा मिळत नाही. निस्तरणारा नेहमी पुढच्या टेबलावर बसलेला असतो आणि तो रजेवर असतो.

सगळं सुरू झालं खरवसापासून. माझी मेहुणी पुण्याहून चार दिवसांसाठी येणार होती. येण्याआधी फोनवर ती नलिनीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्या मुंबईत खरा खरवस मिळतच नाही गं. सगळा चायना ग्रासचा." नलिनी बहिणीचं बोलणं मनावर घेत नाही. मी घेतो. एकवेळ मला कुणी नालायक म्हटलं तर मी समजून घेईन, पण मुंबईत अमुक मिळत नाही असं पुण्याच्या माणसानं म्हटलं की माझ्या डोक्याची शीर उडते.

आम्ही दिंडोशीला राहतो. आरे आम्हाला इतकं जवळ की सकाळच्या फेरीत मी कमलच्या गोठ्यापर्यंत जाऊन येतो. कमल तिथल्या पाड्यावरची. तीन गाई आणि एक कुत्रा एवढा तिचा कारभार. तिच्या रेशनकार्डाचा अर्ज मी भरून दिला होता, तेव्हापासून ती माझ्या शब्दाला मान देते. तिची सर्वांत तरुण गाय नेमकी मेहुणी येणार त्याच दिवशी पहाटे व्याली होती. पहिलंच वेत.

"काका, पहिलारू आहे ना, चीक कमीच आलाय," कमल म्हणाली. "वासराला लागेल."

"अगं, एवढुसं वासरू ते! किती पिणार?" मी म्हणालो. गाईगुरांचा माझा अनुभव तोवर दुधाच्या पिशवीपुरता होता. पण ज्या विषयातलं काही कळत नाही त्यावर ठाम मत द्यायची मला नोकरीपासूनची सवय.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वासराकडे पाहिलं आणि दीड लिटरची बरणी भरून दिली.

खरवस अप्रतिम झाला. जायफळ, वेलची, केशराच्या चार काड्या. मेहुणीनं दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, "बरा झालाय." पुण्याच्या माणसाच्या 'बरा'चा अर्थ मला ठाऊक आहे. मी त्या आनंदात बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांना खरवसाच्या वड्या वाटल्या. लोकांनी माझं कौतुक केलं. तीन दिवस मी तरंगत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी गोठ्यावर गेलो तर कमल वासराजवळ उकिडवी बसली होती. वासरू ओल्या लादीवर आडवं पडलेलं. शेपटीपासून मागच्या पायांपर्यंत सगळं पिवळट पातळ शेणानं माखलेलं. डोळे खोल गेलेले.

"कालपासून पाण्यासारखं करतंय," ती म्हणाली. "आज उठत पण नाही. काका, वाट लागली माझ्या वासराची."

"घाबरू नकोस. सरकारी दवाखाना कशासाठी आहे?" मी म्हणालो. सरकारी म्हटल्यावर माझ्या अंगात बळ येतं. मी तडक रिक्षा केली आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "बिल्ला नंबर?"

"कसला बिल्ला?"

"वासराच्या कानातला."

"ते चार दिवसांचं आहे हो. अजून कान नीट उभे राहत नाहीत."

"मग आईचा द्या."

कमलला फोन लावला. तिनं गाईचा कान धरून बारा आकडे वाचले. मध्ये दोनदा गाईनं मान झटकली म्हणून सातवा आकडा एक की सात यावर चर्चा झाली. अखेर नंबर जुळला. त्या माणसानं पडद्यावर पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हा तर बैल आहे."

"काय?"

"नोंदीत बैल आहे. बैलाला वासरू झालं असं मी कसं लिहू? कॉम्प्युटर घेत नाही."

मी त्याला शांतपणे सांगितलं की गाय व्याली आहे, वासरू मी स्वतः पाहून आलोय आणि त्याची हगवणही. तो म्हणाला, "दुरुस्तीचा अर्ज करा. मूळ मालकाची सही, आधारची प्रत, जनावराचा समोरून आणि बाजूनं फोटो." मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहायला घेतला. विषय: नोंदीतील बैलाची गाय करणेबाबत. संदर्भ म्हणून कुठलं पत्र घालावं यावर अडलो होतो. आयुष्यभर मी लोकांना जे करायला लावलं तेच मी करत होतो, आणि तिकडे वासरू सुकत होतं. मला पहिल्यांदाच माझ्या अक्षराचा राग आला.

तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डॉ. दर्शना. हातात हेल्मेट.

"कितीदा होतंय? डोळे आत गेलेत का? दूध ओढतंय?" त्यांनी विचारलं.

"अर्ज जवळजवळ तयार आहे," मी म्हणालो.

"अर्ज राहू दे काका. वासरू कुठे आहे?"

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गोठ्यावर पोचलो. एका हातात त्यांची बॅग, दुसऱ्या हातात अर्ज. ह्या वयात स्कूटरवर मागे बसणं हा अपमान असतो, पण तो खड्ड्यांमुळे फार वेळ जाणवला नाही.

त्यांनी वासराच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. कान हाताला गार लागत होते. त्यांनी शिरेतून सलाईन लावलं, बाटली मला धरायला दिली आणि कमलला विचारलं, "जन्मल्याबरोबर चीक पोटभर पाजला होतास?"

कमलनं माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या थेंबांकडे पाहू लागलो.

"थोडा कमी पडला," ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

"तिथेच घोळ झाला. रोगाशी लढायची सगळी ताकद त्या पहिल्या चिकात असते," डॉक्टर म्हणाल्या. "आता मिठासाखरेच्या पाण्याची ही पाकिटं दिवसातून तीनदा. दूध बंद करायचं नाही, थोडं थोडं द्यायचं, पण पाकिटाचं पाणी आणि दूध एका वेळी नाही. माणसांच्या गोळ्या अजिबात नाहीत. आणि ह्या ओल्या लादीवर ते वाचणार नाही. कोरडी, उबदार जागा हवी."

गोठ्याचं गटार तुंबलं होतं. कोपरान् कोपरा ओला. कमल हताश होऊन इकडेतिकडे बघत होती. तेव्हा मी जे बोललो ते माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही.

"आमच्या सोसायटीची जनरेटर रूम रिकामी आहे," मी म्हणालो. "जनरेटर सहा वर्षांपूर्वीच विकला."

विकी नावाचा रिक्षावाला तयार झाला, पण एका अटीवर. त्यानं सीटखालून एक फ्लेक्स काढला. कुणा भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा. तो माझ्या मांडीवर पसरला आणि वर वासरू ठेवलं. "काका, गळालं तर फ्लेक्सवर गळू द्या, सीटवर नको हां," असं त्यानं बजावलं. सीटवर काही झालं नाही. फ्लेक्सवरही फारसं झालं नाही. जे झालं ते माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेल्या पँटवर झालं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली. मी ताठ बसून राहिलो. अशा प्रसंगी ताठ बसण्यावाचून दुसरं काय करणार?

सोसायटीच्या गेटवर पहिला भेटला तो सेक्रेटरी. सुयोग. वय पस्तीस, पवईला कंपनीत आहे, आणि उपविधी त्याला तोंडपाठ. त्यानं वासराकडे पाहिलं, माझ्या पँटकडे पाहिलं.

"काका, हे काय आहे?"

"वासरू."

"ते दिसतंय. पण कुठल्या नियमात बसतं? पाळीव प्राण्यांच्या फॉर्ममध्ये कुत्रा, मांजर आणि पक्षी एवढेच रकाने आहेत."

"हे पाळीव नाही. पाहुणं आहे."

"पाहुण्यांची नोंद वॉचमनकडे करायला लागते."

मी केली. नाव: वासरू. कुणाकडे: तिरोडकर. येण्याचं कारण: हगवण. सुयोगनं जाहीर केलं की तो विशेष सभा बोलावून वासराला बाहेर काढणार. मी म्हटलं, जरूर बोलव, पण तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. त्याचा चेहरा पडला. उपविधी मीही वाचलेत.

घरी नलिनीला सगळा प्रकार सांगितला तेव्हा ती माझ्या कपड्यांकडे बघून हसत होती. चिकाचं ऐकलं आणि तिचं हसू गेलं. ती रागावली की मालवणीत शिरते. "वासराच्या तोंडचो घास काढून माझ्या भैणीक खावक घातलात? लाज नाय वाटली तुमका?" एवढं बोलून ती आत गेली आणि आमची दोन नंबरची चांगली गोधडी घेऊन खाली जनरेटर रूमकडे निघाली.

तिथे अंबादास आधीच पोचला होता. अंबादास गायकवाड, आमच्या समोरच्या घरातला, बस डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला. त्याचं लहानपण जालन्याकडे गुरांमागे गेलेलं. त्यानं खाली गोणपाट पसरला, त्यावर कोरडा पेंढा घातला आणि वासराच्या तोंडात आपलं बोट दिलं.

"चोखतंय का?" मी विचारलं.

"हळू चोखतंय. पण चोखतंय," तो म्हणाला. "दत्ता, जोवर बोट चोखतंय तोवर आपण हार मानायची नाही. गाडी काय नि जनावर काय, गळती लागली तर आधी टाकीत पाणी ठेवायचं, मग भोक शोधायचं."

मी माझ्या परीनं कामाला लागलो. भिंतीवर तक्ता लावला. रकाने: वेळ, काय पाजलं, किती प्यालं, शेणाचा रंग, शेणाचा घट्टपणा, शेरा. अंबादास हसला. नंतर रात्रीची पाळी त्याची असायची आणि सकाळी माझी, तेव्हा त्याच तक्त्यावर आमचं सगळं चालायचं. त्याचे शेरे मात्र कार्यालयीन नव्हते. "बरंय", "लई घाण", "आता बघू" असलं काहीतरी लिहायचा.

सल्ल्यांना तर ऊत आला. पहिल्या मजल्यावरून डाळिंबाची साल आली, दुसऱ्या मजल्यावरून ईसबगोल. कुणी म्हणालं दूध साफ बंद करा, कुणी म्हणालं ताक पाजा. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी, जे स्वतःच्या पोटासाठी वीस वर्षं औषध घेतायत, होमिओपॅथीच्या गोळ्या दिल्या आणि कांदा खायचा नाही असं बजावलं. मी दारावर पाटी लावली: 'वासरास परस्पर काहीही देऊ नये. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून, ते मी मुद्दाम लिहिलं नाही. त्यानं वजन वाढतं.

मी सकाळ-संध्याकाळ गोठ्यावरून त्याच्या आईचं कोमट दूध आणायचो. पाजताना वासराची मान सरळ ठेवायची, नाहीतर दूध छातीत जातं, हे मी शिकलो. प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे, बाटली उकळायची, भिजलेला पेंढा काढून टाकायचा, हेही शिकलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठून उभं राहिलं. चार पाय चार दिशांना, पण उभं. मी तक्त्यात लिहिलं: 'रंग पिवळा. घट्टपणा: लापशी. प्रकृतीत समाधानकारक सुधारणा.' आणि खाली सही केली.

त्याच दुपारी ते पुन्हा आडवं झालं. पाण्यासारखं, आधीपेक्षाही वाईट. अंबादासनं बोट दिलं तर ओठ हललेच नाहीत. त्यानं माझ्याकडे न बघता बोट बाहेर काढलं आणि पँटला पुसलं. "दत्ता, डॉक्टरला फोन लाव," एवढंच तो म्हणाला.

डॉ. दर्शना अर्ध्या तासात आल्या. मी घाबरत त्यांना सगळं सांगायला लागलो, पण त्या माझं ऐकतच नव्हत्या. भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या. "दहा वाजेपर्यंत उत्तम चाललंय," त्या बोट ठेवून म्हणाल्या. "दहा ते एकच्या मध्ये कुणीतरी दुसरं काहीतरी पाजलंय. ह्या तक्त्यामुळे निदान कळलं तरी. नाहीतर मी औषध बदललं असतं." पुन्हा सलाईन, पुन्हा मी बाटली धरून उभा. हात भरून आला, पण मी तो बदलला नाही. नलिनी वासराचे कान चोळत बसली होती. कमल दूध घालून परस्पर तिथेच आली होती. ती वासराचे गार पाय चोळू लागली आणि ते मला बघवेना.

"कमल," मी म्हणालो, "त्या दिवशी तू सांगत होतीस..."

"काका, बाटली वर धरा," ती म्हणाली. "थेंब थांबले बघा."

संध्याकाळी त्यानं नलिनीचं बोट चोखलं. अगदी हळू. नलिनी लहान मुलीसारखी ओरडली.

सभा रविवारी सकाळी दहाला होती. खाली अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. अठरा सभासद हजर. गच्ची गळते त्या विषयावरच्या सभेला सात आले होते. वासरू त्या दिवशी बरं पीत होतं, पण शेणाचा काही भरवसा नव्हता, म्हणून अंबादास आत थांबला. सुयोगनं विषयपत्रिका वाचली: "विषय एक. जनरेटर रूममधील अनधिकृत वासराबाबत."

पुढे तो बोलणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्याची आई उठली. शकुताई. एरवी सभेत स्वेटर विणत बसणारी बाई.

"मीच पाजलं त्याला," त्या म्हणाल्या. "बुधवारी. फ्रिजमधलं गार दूध, भरपूर साखर घालून. वाटलं, आजारी लेकरू आहे, तोंड गोड करावं. पाटी वाचली होती मी. पण ती औषधांपुरती आहे असं वाटलं."

सुयोग खाली बसला. कागद त्याच्या मांडीवरून घसरले. शकुताईंचा चेहरा इतका लहान झाला होता की मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. सर्वसाधारण सभेत मी आजवर केवळ हरकत घेण्यासाठी उभा राहिलोय.

"शकुताई, तुमची चूक वाटीभराची आहे," मी म्हणालो. "माझी दीड लिटरची. ह्या वासराच्या तोंडचा चीक मी खरवसासाठी आणला. कमल नको म्हणत होती. माझ्या मेहुणीला दाखवून द्यायचं होतं म्हणून मी आणला. त्यामुळेच ते आजारी पडलं. हे माझ्या नावानं इतिवृत्तात नोंदवावं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेकाला आठवलं की वड्या कुणी कुणी खाल्ल्या होत्या, आणि सगळे जमिनीकडे बघू लागले. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर एकूण चार खाल्ल्या होत्या.

आणि तेवढ्यात जनरेटर रूममधून अंबादासची आरोळी आली. डेपोत बस मागे घेताना मारायचा तशी.

"दत्ता! घट्ट! अरे एकदम घट्ट!"

मी धावलो. माझ्यामागे सुयोग, त्याच्यामागे शकुताई, मग अख्खी सभा. छोट्याशा दारात अठरा माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती. पेंढ्यावर तपकिरी, आकारदार, तळहाताएवढं शेण पडलं होतं. वासरू त्याच्याकडे पाठ करून उभं होतं आणि अंबादासच्या शर्टाचं टोक चोखत होतं.

"झकास," सुयोग पुटपुटला. मग त्यानं टाळी वाजवली. अठरा माणसांनी शेणाला टाळ्या वाजवल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शकुताई रडत होत्या. माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती, हे मी तिच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

ठराव एकमतानं झाला. वासरू पूर्ण बरं होईपर्यंत जनरेटर रूममध्ये राहील. सूचक सुयोग, अनुमोदक शकुताई.

दोन दिवसांनी आम्ही त्याला परत नेलं. ह्या वेळी विकीनं फ्लेक्स काढला नाही. गोठ्याचं गटार अंबादासनं मधल्या काळात स्वतः उपसून दिलं होतं, लादी खडखडीत वाळली होती. नोंदीत जिला बैल म्हणतात ती गाय दोर ताणून हंबरत होती. वासरू माझ्या हातातून सुटलं आणि सरळ तिच्या पोटाखाली शिरलं. तिनं त्याला नाकापासून शेपटीपर्यंत चाटलं. त्यानं मागे वळून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आठवडाभर ज्याला बाटलीनं पाजलं त्यानं निदान मान तरी वळवावी, अशी माझी माफक अपेक्षा होती. पण ते इतक्या जोरात दूध ओढत होतं की मलाही रागावता येईना.

कमल शेजारी येऊन उभी राहिली. "काका, जगलं हो," ती म्हणाली. "माझ्याच्यानं जगलं नसतं."

मी काहीतरी मोठं, शोभेलसं बोलणार होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक घाईतला आवाज होता. आरेच्या दुसऱ्या टोकाच्या गोठ्यावरून.

"ते हगवणवाले साहेब तुम्हीच का? डॉक्टर मॅडमनी नंबर दिला. त्या येतायत, पण तोवर तुम्हाला विचारा म्हणाल्या. सहा दिवसांचं वासरू आहे आमचं..."

नलिनी माझ्याकडे बघत होती. अंबादासही. मी घसा साफ केला, खिशातलं पेन काढलं, आणि आयुष्यात कधी नव्हता इतका अधिकार माझ्या आवाजात आला.

"बोला," मी म्हणालो. "आधी सांगा, रंग कसा आहे?"